हयातीचा दाखला

१३ मे
बुवापाडा, अंबरनाथ

दादा, जय भीम.

पाकीट फाडू नकोस, आधी वाच. नंतर खुशाल फाड, चंदूला सांगून ठेवलंय की तुकडे गोळा करायचे नाहीत. तुझा नंबर मागितला तर तो म्हणाला, "नंबर देणार नाही, त्याने शपथ घातलीय. तू कागद पाठव. मी त्याच्या डब्याखाली ठेवतो. पुढे तो आणि तो कागद." उल्हासनगरला तुम्ही जीन्स धुलाईच्या एका हौदावर काम करायचात तेव्हा चंदू एवढा समजूतदार नव्हता. सुरतेच्या पाण्याचा गुण असेल.

बातमी अशी की मला कॅनडात प्रवेश मिळालाय. मास्टर्स, दोन वर्षं, कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करण्याचा विषय. सप्टेंबरला कॉलेज सुरू. अख्ख्या आळीत आईने पेढे वाटले. पप्पांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "तिथं बर्फात पाणी वाहतं तरी का?" म्हणजे खूश आहेत.

काम एवढंच आहे. व्हिसाच्या फॉर्ममध्ये घरातल्या सगळ्यांची माहिती मागतात. आई, वडील, भाऊ, बहीण, प्रत्येकाची जन्मतारीख आणि राहता पत्ता. तुझी जन्मतारीख आईला तोंडपाठ आहे, वार आणि वेळेसकट. पत्ता मात्र कोणाकडेच नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला चंदूच्या हाती आईला साडी येते, तिच्या पिशवीवर सुरतेच्या दुकानाचं नाव असतं, तेवढाच तुझा पत्ता. तो फॉर्ममध्ये चालत नाही.

दोन ओळी लिही. मला लिहायचं नसेल तर कागदावर नुसता पत्ता लिहून चंदूकडे दे. बाकी माझं काही मागणं नाही.

संजीवनी


२ जून
बुवापाडा

दादा, जय भीम.

वीस दिवस झाले. चंदू म्हणतो, "वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. बोलला काही नाही." खिशात ठेवलंस म्हणजे फाडलं नाहीस. माझं तेवढ्यावर भागतं.

तयारी जोरात आहे. मार्कशीटांवर शिक्के मारायला विद्यापीठात तीन खेपा झाल्या. तिथल्या बाई प्रत्येक वेळी नवा कागद मागतात, मीही आता घरातले सगळे कागद घेऊनच जाते, पप्पांच्या फॅक्टरीच्या जुन्या पासासकट. मेडिकल झालं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पाच्या बाजारात थंडीचं जॅकेट घेतलं. दुकानदार म्हणाला, "बेटा, इसमें तो बर्फ भी गरम लगेगा." भर मे महिन्यात घालून बघितलं, चक्कर यायची बाकी होती. मी नोकरी करते त्या एमआयडीसीतल्या लॅबला ऑगस्टअखेरची नोटीस दिली. साहेब म्हणाले, जा, पण जायच्या आधी नव्या मुलीला नमुने घ्यायला शिकवून जा. तिला पहिल्या दिवशी तेच सांगितलं जे मी तुला सांगितलं होतं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही.

गेल्या रविवारी बदलापूरला चेतन सरांनी निरोप समारंभ ठेवला होता. चेतन सर म्हणजे ज्यांच्या ऑफिसातून मी परदेशाचे अर्ज भरले ते. हॉल, स्टेज, फ्लेक्सवर आम्हा एकवीस जणांचे फोटो. आईने यंदाची तुझी पांढरी साडी नेसली होती. सरांचं भाषण सगळं इंग्रजीत. आई पुढच्या रांगेत ताठ बसून, माझं नाव आलं की मान हलवायची. मग सर काहीतरी बोलले आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. दोन मिनिटं शांतता. आई पण उभी राहिली, हात जोडून.

रिक्षात तिने विचारलं, "कोणासाठी उभं राहिलो गं आपण?"

मी म्हटलं, कुठेतरी मोठा अपघात झालाय.

"पोरं होती का?" म्हणाली. मी हो म्हटलं.

फॉर्म दहा तारखेपर्यंत भरायचा आहे. पत्ता लवकर कळव.

संजीवनी


९ जून
बुवापाडा

दादा,

अपघात झाला नव्हता. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि आईशी बोलले ते तर त्याहून मोठं. आता सरळ लिहिते, कारण वळणं घेत राहिले तर हे पत्रही नुसती पत्त्याची मागणी होऊन बसेल.

परदेशी कॉलेजला अर्जासोबत एक निबंध पाठवावा लागतो. मी कोण, हेच का शिकायचंय, कशामुळे सुचलं. मी तो पहिल्यांदा माझी मी लिहिला होता. त्यात तू होतास. २०१९ साली माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टला जीन्स धुलाईचं सांडपाणी हवं होतं, आणि कुठलाही मालक मला दारात उभं करत नव्हता. तू म्हणालास, "मी कशाला आहे मग?" सहा दिवस रोज पहाटे, पहिला हौद सोडायच्या वेळी, तू माझ्या बाटल्या भरून आणल्यास. डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली. तुझी नखं निळी आणि बाटल्यांची झाकणंही निळी. एकच अट घातली होतीस, की युनिटचा नंबर कुठे यायला नको.

मी तो घातला. ठिकाण नसलेला नमुना म्हणजे नमुना नव्हे, असं आमच्या मॅडम म्हणायच्या आणि मला मार्क हवे होते. रिपोर्ट कॉलेजातून कोणाच्या तरी तक्रारीला जोडला गेला आणि तिसऱ्या आठवड्यात तुमच्या युनिटला सील लागलं. अकरा जण घरी बसले. बाटल्या कोणी भरल्या ते मालकाला कळायला दोन दिवस लागले आणि उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत पसरायला दोन तास. तुला कुठल्याच हौदावर कोणी उभं केलं नाही. त्या रात्री पप्पा म्हणाले, "रिपोर्ट खोटा आहे का? नाही ना?" तू म्हणालास, "रिपोर्ट खरा आहे, पप्पा. ही खोटी आहे." आणि बॅग भरलीस.

मी तेव्हा काहीही बोलले नाही. रिपोर्ट खरा होता ना, त्याच्या मागे लपता येत होतं.

हे सगळं मी निबंधात लिहिलं होतं. चेतन सरांनी वाचलं आणि म्हणाले, "स्टोरी में दम है, पण एंडिंग नाही गं. भाऊ सुरतला गेला, यात काय आहे? सगळेच जातात. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे." दोन दिवसांनी त्यांनी सुधारलेला निबंध पाठवला. त्यात अटीचा, नंबराचा पत्ता नव्हता. शेवटी एक वाक्य होतं: केमिकलच्या वाफांनी फुप्फुसं जाऊन माझा एकुलता एक भाऊ चोविसाव्या वर्षी वारला, आणि त्याच्या मरणाने मला या विषयाकडे आणलं.

मी वाचलं, दादा. चारदा वाचलं. अर्ज पाठवायला तीन तास होते, ते वाक्य खोडायला एक क्षण पुरला असता. मी खोडलं नाही. घाई होती म्हणून नाही. मला ते वाक्य बरं वाटलं म्हणून. मेलेला भाऊ रागावत नाही. त्याच्यावर निबंध लिहिता येतो, रडता येतं, लोक पाठीवर हात ठेवतात. जिवंत भाऊ सुरतेत गप्प बसतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

निरोप समारंभात सरांनी तेच वाक्य भाषणात सांगितलं. त्या दिवशी हॉल तुझ्यासाठी उभा राहिला होता. आई तुझ्यासाठी उभी राहिली होती, तूच पाठवलेल्या साडीत, हात जोडून. मी तिच्या शेजारी उभी होते. "सर, माझा भाऊ जिवंत आहे" एवढं म्हणायला दोन मिनिटं पुष्कळ असतात.

काल फॉर्म भरायला बसले. पहिल्या पत्रात तुझा पत्ता मागितला तेव्हा मनात काय होतं ते सांगते. पत्ता आला तर खरं लिहीन, नाही आला तर सर म्हणतील तसं. म्हणजे खरं बोलायचं कामसुद्धा मी तुझ्याच गळ्यात घातलं होतं. सर म्हणाले, "भावापुढे मृत लिही, नाहीतर निबंधाशी टॅली होणार नाही. तारीख पण मागतात. टाक कुठलीतरी, कोण बघतंय?" मी पेन घेऊन बसले आणि तारीख शोधायला लागले. सोमवार नको, सोमवार आईच्या उपासाचा... अगं बाई, आपल्या घरी कसला सोमवार, तो शेजारच्या रखमा मावशींचा. इतकं डोकं फिरलं होतं. शेवटी तू बॅग भरून गेलास तीच तारीख लिहिली. लिहून झाल्यावर आतून आईने हाक मारली, "संजे, चहा गार होतोय," आणि मी तो कागद फाडला.

मी खोटं पुरतं उपसणार आहे. आधी तुला सांगितलं. आज आई-पप्पांना सांगेन, उद्या चेतन सरांना, परवा कॅनडाला. प्रवेश गेला तर जाईल. पण शिकायला मी जाणारच आहे, हे पण लिहून ठेव. फक्त तुझ्या प्रेतावरून नाही.

संजीवनी


२४ जून
बुवापाडा

दादा, जय भीम.

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही, शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले आणि मग म्हणाली, "म्हणजे मी माझ्या पोराला श्रद्धांजली दिली?"

मी हो म्हटलं.

"माझी ती दोन मिनिटं परत आण," म्हणाली. "कशी आणायची ते तुझं तू बघ. तू शिकलेली आहेस."

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तू गेलास तेव्हा ती रडली होती, या वेळी रडली नाही, त्याचं मला जास्त भय वाटतं. मोरीत तुझ्या कपड्यांचा तो निळा डाग आहे ना, सहा वर्षं तिने तिथे घासणी लावलेली नाही. मी अॅसिड आणलं होतं एकदा, तिने बाटली उचलून बाहेर ठेवली. आणि अशा बाईला मी हॉलमध्ये उभं केलं.

पप्पांनी चष्मा पुसला. तुला माहीत आहे, दर नोव्हेंबरला ते बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, मी जिवंत आहे, माझं पेन्शन चालू ठेवा. म्हणाले, "माझ्या हयातीचं मी सांगतो. त्याच्या हयातीचं कोण सांगणार? तूच सांग आता. लेखी सांग."

चेतन सर चिडले नाहीत, हसले. "अगं, सगळे करतात. तू स्वतःचं करिअर स्वतःच्या हाताने बुडवतेयस. वेडी आहेस." मी म्हटलं, सर, फ्लेक्सवरून माझा फोटो काढा. ते म्हणाले फ्लेक्स आता निघत नाही, त्याने पावसाळ्यासाठी ऑफिसचं छप्पर झाकलंय. म्हणजे बदलापुरात कुठेतरी मी पाऊस अडवतेय. चला, काहीतरी उपयोग झाला.

मग कॅनडातल्या प्राध्यापकबाईंना ईमेल केली. तीन ओळींची. निबंधातला माझा भाऊ जिवंत आहे. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण वाचून पाठवलं, म्हणून ते माझंच आहे. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे.

पाच दिवस उत्तर नाही. लॅबमध्ये मी एकाच नमुन्याची तीनदा तपासणी केली. सहाव्या दिवशी आलं. सप्टेंबरची जागा रद्द. समितीने तसं ठरवलंय आणि नोंदही राहील. खाली बाईंनी स्वतः लिहिलं होतं: जानेवारीच्या तुकडीसाठी नव्याने अर्ज करायचा असेल तर करा, खरा निबंध पाठवा, आश्वासन काहीही देता येणार नाही.

मी जिन्यात बसून रडले. खोटं का सांगू, पश्चात्तापाने नाही, जागा गेली म्हणून रडले. जॅकेट पलंगाखाली सरकवलं. साहेबांकडे जाऊन नोटीस मागे घेतली. ते म्हणाले, "बरं झालं, नव्या मुलीला अजून बाटली विसळता येत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधाला बसले. या वेळी चेतन सर नाहीत, डोळ्यात पाणी आणायचं नाही. बाटल्या, अट, मोडलेली अट, सील, अकरा माणसं. हौदांचं पाणी जायचं ती नदी घाण होती हे खरं आणि तिच्या काठी अकरा चुली होत्या हेही खरं. मी सील लावण्याचं शास्त्र शिकले, मला सील न लावता पाणी साफ करण्याचं शास्त्र शिकायचंय. लहान युनिटला परवडेल असं. शेवट तोच आहे, भाऊ सुरतेला गेला. आता त्यात मला सगळंच दिसतं.

निबंध मराठीत करून सोबत जोडलाय. तुझ्या नावाच्या जागी रेघ मारून ठेवली आहे. मागच्या वेळी तू नको म्हटलेलं मी छापलं होतं. या वेळी विचारते. तुझं नाव घालू का? अर्ज पंधरा जुलैला जाईल. तोवर उत्तर आलं नाही तर रेघेच्या जागी "हौदावरचा एक कामगार" असं लिहीन. राग मानणार नाही. मानायचा हक्क तुझा आहे.

आईची दोन मिनिटं कशी आणायची ते मला अजून कळलेलं नाही.

संजीवनी


१६ जुलै

दादा,

काल अर्ज गेला. "हौदावरचा एक कामगार" असंच गेलं. तुला कळावं म्हणून लिहिलं.

सं.


१९ ऑक्टोबर
बुवापाडा

दादा, जय भीम.

हे पत्र डब्याखालून नाही, सरळ तुझ्या दारात येणार. म्हणून अक्षर जरा नीट काढतेय.

दहा तारखेला कॅनडाहून पत्र आलं. जानेवारीच्या तुकडीत घेतलंय. बाईंनी लिहिलंय की समितीत दोन जण विरोधात होते आणि त्यांच्या विरोधाचं कारण मी विसरू नये. मी विसरणार नाही. पेढे या वेळी पप्पा घेऊन आले. आईने खाल्ला, पण वाटले नाहीत. म्हणाली, "आधी फॉर्म नीट भर."

मी पुन्हा त्या ओळीवर येऊन थांबले. भाऊ. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्त्याचा रकाना रिकामा. चंदूला फोन केला, त्याने फक्त "बघतो" म्हटलं. मी ठरवलं होतं, रविवारची गाडी पकडून सुरत गाठायची, तिथल्या पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत प्रत्येक गल्लीत विचारत फिरायचं. डबासुद्धा काढून ठेवला होता.

शनिवारी सकाळी आईचा फोन वाजला. ती मेथी निवडत होती, हात मातीचे, म्हणून स्पीकरवर टाकला. नंबर अनोळखी. आई हॅलो म्हणाली. पलीकडून काही नाही. मागे मशीनचा घर्र आवाज आणि पाणी सोडल्याचा. मी आणि पप्पा जागच्या जागी थांबलो. आईने दुसऱ्यांदा हॅलो म्हटलं नाही. तिने मेथी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि उभी राहिली.

तू बोलला नाहीस. ती बोलली नाही. तू एकदा खोकलास, घसा साफ केल्यासारखा, परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी खोकायचास तसा. आईने डोळे मिटले. पप्पा खुर्चीतून उठून तिच्या शेजारी उभे राहिले. मीही उभी राहिले. मग तू फोन ठेवलास.

मी फोन उचलून बघितला. दोन मिनिटं नऊ सेकंद.

आई खाली बसली, मेथी पुढे ओढली आणि म्हणाली, "खोकला आहे त्याला. ओवा पाठव." चार महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं सरळ वाक्य. आणि मग मात्र ती रडली, मेथीत नाक पुसत, आणि मीही रडले, आणि पप्पा आम्हा दोघींवर ओरडले की भाजीत मीठ जास्त होईल.

दुपारी त्याच नंबरवरून मेसेज आला. खोली नंबर, चाळीचं नाव, गल्ली, पांडेसरा, पिनकोड. ना जय भीम, ना कशी आहेस. खाली एक रिकामी ओळ सोडून दोन शब्द.

नाव टाक.

फॉर्म आता माझ्यासमोर आहे. भावाच्या ओळीत तुझं पूर्ण नाव आहे, तुझा पत्ता आहे, आणि मृत असल्यास तारीख लिहा म्हणतात तो रकाना मी आडवी रेघ मारून बंद केलाय. पप्पांनी चष्मा लावून ती रेघ तपासली. ते पुढच्या महिन्यात बँकेत आपला दाखला देतील, मी उद्या तुझा देते.

टाकलं, दादा. रूपेश.

ओवा सोबत आहे. आईने बांधलाय, गाठ तिची आहे, सोडवायला वेळ लागेल.

तुझी बहीण,
संजीवनी